अकरा मिनिटं शिल्लक

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत चौथ्या दिवशी दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जुना संगणक-खेळ नव्या संगणकावर’ असं छापलेलं वाचून परवा एका काकांचा फोन आला. म्हणाले, “त्या दिवशी मुलांचा कार्यक्रम आहे का गं?” मी म्हटलं, नाही काका, हा मोठ्यांचाच कार्यक्रम आहे. कारण ज्यांच्या माळ्यावर फ्लॉप्यांचा डबा पडलेला आहे, ती माणसं आता पंचेचाळिशीच्या पुढचीच असणार.

मी शाळेत संगणक शिकवते. पण आज शिकवायला उभी नाही. एक घरातली गोष्ट सांगते, तिच्यात जेवढं तंत्र येईल तेवढं येईल.

आमचे बाबा कापड मार्केटातल्या चार-पाच पेढ्यांचे हिशेब लिहायचे. खतावणी, रोजमेळ, मार्चअखेरचा ताळेबंद. १९९३ साली त्यांनी धाडस करून घरी संगणक आणला. ३८६, ४० एमबीची हार्ड डिस्क, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि काळा-पांढरा मॉनिटर. रंगीत मॉनिटर परवडत नव्हता आणि हिशेबाला रंग कशाला हवेत, असं बाबांचं म्हणणं. साउंड कार्डही नव्हतं. आईने जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं. पुढच्या खोलीत चपला काढून जायचं, कव्हर घडी करून ठेवायचं, मग बटण दाबायचं. तुमच्यापैकी अनेकांना हे आठवत असेल, हसू आलेलं दिसतंय.

संगणक दुरुस्तीला येणाऱ्या मुलाने एक दिवस एका फ्लॉपीवरून त्यात एक खेळ टाकून दिला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. खेळ विकत घेतलेला नव्हता, नक्कल होती. तेव्हा सगळीकडे नकलाच फिरायच्या. ते योग्य होतं असं मी म्हणत नाही, पण खोटंही सांगत नाही.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राजा लढाईवर गेलाय. वजीर जाफर राजकन्येला सांगतो, एका तासात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. वाळूचं घड्याळ उलटं होतं. तिचा प्रियकर तळघरात कैद आहे. त्याला तुम्ही पळवायचं, उड्या मारायला लावायच्या, सुळे आणि कातऱ्या चुकवायच्या, पहारेकऱ्यांशी तलवारीने लढायचं आणि बारा पातळ्या पार करून वर मनोऱ्यात पोचायचं. हातात एकूण साठ मिनिटं. मेलात तर ती पातळी पहिल्यापासून, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

हा खेळ जॉर्डन मेकनर नावाच्या एका अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवला. १९८५ ला सुरुवात केली, १९८९ ला ॲपल-टू संगणकासाठी खेळ बाहेर आला आणि १९९० मध्ये डॉसवर, म्हणजे आपल्या संगणकांवर. त्यातला राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावतो, याचं तेव्हा सगळ्यांना नवल वाटायचं. त्याचं कारण साधं आहे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, मोकळ्या जागेत धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चित्र बघून राजपुत्र काढला. संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिलं. म्हणजे तोही एक घरगुतीच उद्योग होता.

आमच्या घरात दादा सहाव्या पातळीपर्यंत गेला होता. मी चौथ्या पातळीत अडकले. तिथे एक आरसा आडवा येतो, त्यातून पलीकडे उडी मारायची असते, आणि उडी मारली की राजपुत्राची सावली त्याच्यातून सुटून निघून जाते. मला त्या सावलीची इतकी भीती बसली की मी खेळ सोडूनच दिला. आई कधी खेळली नाही. बाबा तर नाहीच. बाबा रात्री उशिरापर्यंत त्या खोलीत बसायचे, पण ते हिशेबासाठी, असं आम्ही समजत होतो.

पुढे तो संगणक गेला, दुसरा आला, तोही गेला. दादा पुण्यात स्थायिक झाला. बाबा जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. आणि परवाच्या दिवाळीआधी माळा साफ करताना कुलूपवाला एक प्लास्टिकचा डबा सापडला. आत साडेतीन इंची फ्लॉप्या, प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी. ‘ताळेबंद ९३-९४’, ‘ताळेबंद ९४-९५’, असं ओळीने. शेवटच्या फ्लॉपीवर मात्र फक्त ‘इतर’.

बाबांच्या हिशेबात ‘इतर’ हा रकाना कधीच नसायचा. ते म्हणायचे, ‘इतर’ लिहिणारा माणूस काहीतरी लपवतोय. त्यामुळे मला ती फ्लॉपी वाचायचीच होती.

इथून तंत्र सुरू होतं. जुना कार्यक्रम नव्या यंत्रावर चालवायचा म्हणजे तीन अडचणी पार कराव्या लागतात. पहिली, तो जिच्यावर ठेवलाय ती वस्तू वाचणं. दुसरी, नव्या यंत्राला तो समजणं. तिसरी, तो ज्या जगासाठी लिहिला गेला ते जग त्याच्याभोवती उभं करणं.

पहिली अडचण फ्लॉपीची. यूएसबीला जोडायचे फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतात, मला जेल रोडवर एक मिळाला. पण ते फक्त साडेतीन इंची फ्लॉपी वाचतात. त्याहून जुन्या, सव्वापाच इंची, लवणाऱ्या फ्लॉप्या असतील तर जुना ड्राइव्ह आणि त्याला नव्या संगणकाशी जोडणारं खास कार्ड लागतं. फ्लॉपी घालण्याआधी दोन गोष्टी करा. तिच्या कोपऱ्यातली छोटी सरकपट्टी अशी सरकवा की भोक उघडं दिसेल. मग तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही. आणि धातूचं झाकण सरकवून आतली तबकडी उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यांनी तिच्यावर बुरशी धरलेली असते, फिकट ठिपके किंवा वलयं दिसतात. अशी फ्लॉपी तशीच फिरवली तर तिच्यावरचं चुंबकीय अस्तर खरवडलं जातं, शिवाय ड्राइव्हचं डोकं घाण होऊन पुढची चांगली फ्लॉपीही जाते. मी कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, तबकडी हळूहळू फिरवत, प्रत्येक फ्लॉपी दोन्ही बाजूंनी पुसली. संध्याकाळ गेली त्यात.

मग ‘इतर’ घातली. ड्राइव्ह जात्यासारखा कुरकुरला आणि पडद्यावर प्रश्न आला, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायला हवी, करू का? मंडळी, आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं नाही. यंत्राला वाचता आलं नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘हो’ म्हटलंत आणि ती सरकपट्टी बंद असली तर जे आहे तेही पुसलं जाईल.

मी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा कार्यक्रम वापरला. तो फाइली मागत बसत नाही. फ्लॉपीचा प्रत्येक तुकडा जसा आहे तसा उचलतो, जो वाचता येत नाही तो सोडून पुढे जातो आणि शेवटी परत परत येऊन त्या राहिलेल्या तुकड्यांवर प्रयत्न करतो. अशा फ्लॉपीवर ५१२ बाइटचे २८८० तुकडे असतात. माझ्या फ्लॉपीचे नऊ सोडून सगळे आले. सगळ्या फ्लॉपीची मिळून एक फाइल तयार झाली. ती मी दोन ठिकाणी ठेवली आणि मूळ फ्लॉपी डब्यात परत घातली. नंतरचं सगळं काम नकलेवर.

‘इतर’मध्ये ताळेबंद नव्हताच. प्रिन्स होता.

ते नऊ तुकडे मात्र नेमके राजपुत्राच्या चित्रांच्या फाइलमध्ये पडले होते. ती फाइल अर्धवट असेल तर खेळ सुरूच होत नाही. मी दादाला फोन केला. त्याने होस्टेलवर जाताना हाच खेळ आपल्या फ्लॉपीवर घेतला होता हे मला आठवत होतं. त्याने कपाटं धुंडाळली, ती फ्लॉपी सापडली, कुरियरने आली. तिच्यातही खराब तुकडे होते, पण दुसऱ्या जागी. तिच्यातून चित्रांची फाइल घेतली, बाकी सगळं बाबांच्या फ्लॉपीतून, आणि दोन अर्धवट फ्लॉप्यांमधून एक धड खेळ उभा राहिला. दुसरी प्रत दुसऱ्या गावात असण्याचा फायदा हा असा असतो.

दुसरी अडचण. खेळ माझ्या लॅपटॉपवर ठेवला, दोनदा क्लिक केलं, उत्तर आलं की हे ॲप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही. शाळेतल्या मुलांनी लगेच सुचवलं, मॅडम, राइट क्लिक करून ‘कंपॅटिबिलिटी’ निवडा ना. ती सोय विंडोजच्याच जुन्या कार्यक्रमांसाठी आहे, इथे तिचा उपयोग नाही. का, ते सांगते.

डॉसचे कार्यक्रम १६ बिटांच्या भाषेत लिहिलेले असत. १९८५ मध्ये इंटेलने ३८६ प्रोसेसर आणला तेव्हा त्यात एक खास सोय ठेवली, की मोठं काम चालू असतानाच एका कोपऱ्यात जुना १६ बिटांचा प्रोसेसर असल्यासारखं वागायचं. पुढची अनेक वर्षं विंडोज डॉसचे कार्यक्रम याच कोपऱ्यात चालवत असे. २००३ पासून ६४ बिटांचे प्रोसेसर घरोघरी येऊ लागले. ते पूर्ण ६४ बिटांत काम करत असताना तो कोपरा उपलब्धच नसतो. त्यामुळे ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे कार्यक्रम चालवायची सोय काढून टाकली गेली आणि विंडोज ११ तर ६४ बिटांतच येतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. घर नवं बांधताना चुलीची जागा ठेवली नाही, एवढंच.

आता तिसरी अडचण. समजा प्रोसेसरला भाषा समजली, तरी खेळाला इतर गोष्टी हव्या असतात. त्याला ६४० केबीच्या आतली स्मृती हवी, व्हीजीएचा पडदा हवा, ठरावीक पत्त्यावर बसलेलं साउंड ब्लास्टर कार्ड हवं. काही जुन्या खेळांना तर संगणक हळूच हवा असतो. त्यांची वेळ प्रोसेसरच्या वेगावर मोजलेली असायची. जलद यंत्रावर चालवलं की खेळणाऱ्याने बोट हलवायच्या आत माणूस मेलेला. आपल्या जुन्या संगणकांवर ‘टर्बो’ बटण असायचं ना? ते यासाठीच होतं. नाव टर्बो, पण खरा उपयोग यंत्र जुन्या कार्यक्रमांसाठी हळू करण्याचा.

या सगळ्याला उत्तर आहे डॉसबॉक्स. २००२ पासून उपलब्ध असलेला, फुकट आणि खुला कार्यक्रम. आता त्याची डॉसबॉक्स स्टेजिंग, डॉसबॉक्स-एक्स अशी भावंडंही आहेत. तो काय करतो? परवा याच रंगमंचावर आपल्या मंडळींनी नाटक केलं. मागे रंगवलेला वाडा होता, खिडकी होती, खिडकीतून चांदणं येत होतं. ते चांदणं म्हणजे जोशीकाकांचा निळा दिवा. पण नटाने खिडकीतून बघून ‘काय सुंदर चांदणं’ म्हटलं आणि नाटक पुढे गेलं. डॉसबॉक्स म्हणजे असं नेपथ्य. खेळ विचारतो, व्हीजीए आहे का? डॉसबॉक्स म्हणतो, आहे. साउंड ब्लास्टर २२० पत्त्यावर आहे का? आहे. प्रोसेसर कोणता? तुला हवा तो. प्रत्येक जुनी आज्ञा तो स्वतः वाचतो आणि नव्या यंत्राकडून तिचा परिणाम घडवून आणतो.

कृती अवघड नाही. खेळाच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवायच्या. डॉसबॉक्स उघडून ‘माउंट’ या आज्ञेने सांगायचं की हे फोल्डर म्हणजे तुझा सी ड्राइव्ह. मग सी वर जाऊन खेळाचं नाव टाइप करायचं. खेळ फार जलद किंवा फार हळू वाटला तर कंट्रोल दाबून एफ ११ ने वेग कमी होतो, एफ १२ ने वाढतो. आणि एक बारकावा. जुन्या पडद्यावर चित्र ३२० गुणिले २०० ठिपक्यांचं असे, पण काचेचा आकार चारास तीन असल्याने ठिपके उभट दिसत. नव्या पडद्यावर तेच चित्र चपटं होतं, राजपुत्र बुटका दिसतो. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ॲस्पेक्ट’ चालू केलं की तो पुन्हा उंच होतो.

ज्यांच्याकडे विंडोज ९५-९८ च्या काळातले सीडीवरचे खेळ आहेत, मागच्या रांगेतून आत्ताच ‘रोड रॅश’ असा आवाज आला, त्यांची वाट थोडी वेगळी. ते खेळ बहुधा ३२ बिटांचे असतात, त्यामुळे आशा जास्त असते. पण अनेकदा त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटांचा असतो आणि तोच अडतो. काहींची सीडी तपासायची जुनी कुलूपपद्धत विंडोज १० पासून बंद आहे. काहींना चित्रं काढण्याची जुनी डायरेक्टड्रॉ पद्धत हवी असते, तिच्यासाठी डीजीवूडूसारखे दुभाषे मिळतात. आणि काहीच चाललं नाही तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा अख्खा जुना संगणक. कार्यक्रमानंतर भेटा, बोलू.

तर मी प्रिन्स सुरू केला आणि बसलेल्या जागी थबकले. आमच्या घरी साउंड कार्ड नव्हतं, आम्ही फक्त स्पीकरची टूं-टूं ऐकली होती. पहिल्यांदाच त्या खेळाचं संगीत ऐकू आलं, मेकनरच्या वडिलांनी केलेलं. आणि रंग. तळघराच्या भिंती निळ्या आहेत हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग मी फोल्डरमधल्या फाइलींची यादी बघितली आणि शेवटी एक नाव दिसलं. ‘प्रिन्स डॉट सॅव्ह’. या खेळात तिसऱ्या पातळीपासून पुढे कंट्रोल आणि जी दाबलं की तुमची जागा जपून ठेवली जाते, ती या फाइलमध्ये. फाइलची तारीख २८ मार्च १९९६. वेळ रात्री एक वाजून बावन्न मिनिटं.

मार्चअखेर. दादा तेव्हा होस्टेलवर होता. मी रात्री दहाला झोपत असे.

ती फाइल केवळ आठ बाइटची असते. तिच्यात चार आकडे: शिल्लक मिनिटं, मिनिटाच्या आतला बारीक हिशेब, पातळी आणि पातळीच्या सुरुवातीची जीवनशक्ती. नाव नाही, गाव नाही. मी खेळात जाऊन कंट्रोल आणि एल दाबलं. पडद्यावर खाली अक्षरं आली, पातळी बारा. आणि त्यापाठोपाठ, अकरा मिनिटं शिल्लक.

माझे बाबा बाराव्या पातळीवर होते. आम्ही दोघं पोरं चार आणि सहावर धापा टाकत असताना हा माणूस रात्री कव्हर काढून मनोऱ्याच्या पायथ्याशी पोचला होता, आणि सकाळी आम्हाला म्हणायचा, तो खेळ कमी खेळा, कीबोर्ड खराब होतो.

दादाला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, “चीट वापरलं असेल गं.” या खेळात तशी सोय आहे, खेळाच्या नावापुढे ‘मेगाहिट’ लिहून सुरू केलं की पातळ्या ओलांडून जाता येतं. मग आम्ही हिशेबनिसाच्या पोरांनी बापाचा हिशेब तपासला. सुरुवातीला जीवनशक्ती तीन असते. वाटेत लपवलेल्या मोठ्या बाटल्या शोधून प्याल तेव्हा ती एकेकाने वाढते. पातळ्या नुसत्या ओलांडत गेलात तर तीनच राहते. बाबांच्या फाइलमध्ये सात होती. म्हणजे त्यांनी कोपरान् कोपरा धुंडाळला होता. ताळेबंद जुळला. दादा फोनवर बराच वेळ काही बोलला नाही.

संध्याकाळी आईला लॅपटॉपसमोर बसवलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. म्हटलं, आई, हे बघ, बाबा रात्री हिशेब करत नव्हते. ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. हिशेब करताना ते पुटपुटायचे, बेरीज तोंडाने करायची सवय होती. त्या रात्री खोलीतून काही आवाज नसायचा. मी दार ढकलून एकदा पाहिलं होतं. तुझ्या परीक्षेच्या अभ्यासाला बसायचीस तू, तसे बसले होते. मग मी दूध ठेवून आले.” वर म्हणाली, “दिवसभर पाच लोकांचे हिशेब डोक्यात. एक तास तरी स्वतःचा असू दे म्हटलं.” एवढं माहीत असून तिने तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांनी खेळ पूर्ण केला का? शेवटपर्यंत जाणाऱ्यांची नावं हा खेळ एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती फाइल त्या फ्लॉपीवर नव्हती. बाराव्या पातळीवर काय आहे ते सांगते. चौथ्या पातळीत आरशातून निसटलेली ती सावली तिथे तलवार घेऊन उभी असते. तुम्ही तिला वार केला की जखम तुम्हालाच होते. कितीही चांगले लढवय्ये असा, तिला मारलंत की तुम्हीच मरता. करायचं एवढंच असतं, की तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचं. ती तुमच्यात मिसळते. त्यानंतर समोर खोल दरी असते, पण पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटत जाते. १९९६ मध्ये हे इंदूरमध्ये बाबांना कोण सांगणार होतं? ते कुणाला विचारूही शकत नव्हते, कारण ते खेळतच नव्हते ना!

आता त्या अकरा मिनिटांचं काय करायचं, यावर घरात चर्चा झाली. पुढे खेळून परत कंट्रोल-जी दाबलं तर ती आठ बाइट कायमची बदलणार. म्हणून मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवली, पुण्यात एक, माझ्याकडे एक आणि बँकेच्या लॉकरमध्ये, आईच्या हट्टाने, एक. नकलेवर माझी मुलगी खेळली. ती अकरावीत आहे, आजोबांना तिने फक्त फोटोत पाहिलंय. सावलीपाशी ती चार वेळा मेली. मी काही सांगितलं नाही. पाचव्या वेळी तिने आपोआप तलवार ठेवली. पुढे आणखी बरेच दिवस गेले, जाफरपाशी हरली, पुन्हा बाबांच्या अकरा मिनिटांवर परत आली. एका रविवारी दुपारी तिने ओरडून सगळ्यांना बोलावलं. राजकन्या सुटली होती आणि खेळ नाव विचारत होता.

मुलगी म्हणाली, आजोबांचं लिहू? माझ्याही मनात तेच होतं. आई म्हणाली, “त्यांचं कशाला? खेळलीस तू. ज्याचं जमा, त्याच्या खात्यावर. त्यांची अकरा मिनिटं त्यांच्या नावावर आहेतच की.” मुलीने स्वतःचं नाव लिहिलं.

खुद्द मेकनरची एक गोष्ट सांगून थांबते. खेळाचा मूळ मजकूर, म्हणजे त्याने लिहिलेला सोर्स कोड, त्याच्यापाशी राहिलाच नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचं एक खोकं सापडलं, त्यात तो होता. जुनी यंत्रं जपणारी जाणकार मंडळी आली, त्याच काळातल्या यंत्रांवर त्या फ्लॉप्या वाचल्या, आणि २३ वर्षांनी तो कोड जगाला बघायला मिळाला. एवढ्या गाजलेल्या खेळाचं हे, तर तुमच्या-आमच्या माळ्यावरच्या डब्याचं काय?

आणि केवळ खेळच नाहीत. आपल्या याच मंडळाच्या नव्वदच्या दशकातल्या स्मरणिका संगणकावर जुळवलेल्या आहेत. त्या फाइली फ्लॉप्यांवर असणार. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. आज ती फाइल उघडली तर कुणाच्या आठवणी, कुणाच्या कविता, कुणाचे मृत्युलेख निरर्थक रोमन चिन्हांसारखे दिसतील. ‘खराब झाली’ म्हणून कुणीतरी टाकून देईल. ती खराब नसते. तिला तिच्या काळातला फॉन्ट आणि कार्यक्रम मिळाला की ती परत बोलायला लागते. पण फ्लॉपी वाचता आली पाहिजे, आणि दर पावसाळ्याला एकेक कमी होतेय.

म्हणून माझी विनंती. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी मी मंडळाच्या कार्यालयात ड्राइव्ह, अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन बसते. फ्लॉप्या घेऊन या. पुसू नका, घालून बघू नका, तशाच आणा. त्यावर काय आहे ते माहीत नसलं तरी चालेल. ‘इतर’ लिहिलेल्या आधी घेऊ.

गणपती बाप्पा मोरया!